दुसरी रेघ

बाबा, ब्रह्मपुरीच्या बाईंच्या कपाटाचा पल्ला परत आला आहे. वाकला. तुम्ही गेल्याला दीड वर्ष झालं. दुकान मी चालवते, भुसा अजून शेजारच्या चुलीत जातो, उरलेल्या तुकड्यांचे पोळपाट होतात. म्हणजे तुम्ही शिकवलेलं सगळंच विसरले असं नाही. पण हे ऐका.

तुमचा नियम गिऱ्हाइकांनाही पाठ होता. डेपोतलं सागवान चिरलं की फळ्या छपराखाली, मधे पट्ट्या घालून रचायच्या. पोळा झाला की फळीच्या टोकाला कोळशाची एक रेघ. दोन पोळे, दोन रेघा. त्याआधी रंधा लावायचा नाही. एकदा मी एका रेघेची फळी ओढली, तर तुम्ही मनगटच धरलं. "काऊन घाई करून राह्यली? वाळू दे त्याले. लाकडाले लग्नाची तारीख समजत नाई." मला असा राग आला होता! दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचा लहान रंधा माझ्या हातात दिला आणि चहा प्यायला निघून गेलात.

गेल्या वर्षी बाई नातीच्या लग्नाचं कपाट सांगायला आल्या. लग्न तोंडावर, वाळलेली फळी एकही शिल्लक नाही. मी एका रेघेच्या फळ्या काढल्या आणि दुसरी रेघ स्वतःच ओढली. बाई फळी बघायला येतात, टोकावर बोट फिरवतात. "दोन हायत ना?" मी म्हणते, "हो, बाबाच्या वेळच्याच हायत." माझ्या बोटाचा कोळसा मी पदराला पुसते.

उन्हाळ्यात पल्ला वाळत वाळत वाकला, कपाट लागेना. बाई तो टेम्पोत घालून घेऊन आल्या. मी बोलणी खायच्या तयारीत होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे बाई. शेवटी शेवटी तुया बापाले दिसत नसंल, रेघ चुकली असंल. माणूस लाखाचा होता." बाबा, तुमचे डोळे शेवटपर्यंत धड होते. आणि मी, तुमची पोरगी, तिथून उठले. त्यांना चहा केला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुमच्या बसायच्या बाकाची फळी काढून नवा पल्ला केला आहे. तो बसवताना "रेघ मी ओढली" एवढंच म्हणायचं आहे. हे पत्र तुमच्या हत्यारांच्या पेटीत ठेवते. बाईंसमोर म्हणायचं ते आधी तुमच्यासमोर म्हणून पाहिलं. आणि खरं सांगू? पल्ला न्यायचा दिवस काल होता. पल्ला अजून इथंच आहे.