चौदा नंबरची सही

नाना, परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला विचारलं, घरात कुणाला काचबिंदू होता का. वडिलांना होता, म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं आणि मान वर न करता पुढचं विचारलं, "त्यांचं कधी लक्षात आलं?" मी म्हटलं, "फार उशिरा." तेही त्यांनी लिहून घेतलं. पन्नाशी गाठलेल्या बाईनं डॉक्टरांशी खोटं बोलावं, तेही स्वतःच्या डोळ्यांच्या बाबतीत, म्हणजे कमालच. घरी आल्यापासून भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तेच डोक्यात आहे. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली. तुम्ही असतात तरी हे तुम्हाला वाचता आलं नसतं, मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि माझ्या वाचण्यावर किती भरवसा ठेवावा हेच तर मला सांगायचं आहे.

तुमचं कापड तपासायचं टेबल मला अजून दिसतं. सुरतजवळ उधन्याच्या त्या कापड कारखान्यात मागच्या बाजूला, वर चार ट्यूबलाइट, खाली पांढरा सनमायका. शनिवारी कॉलेज लवकर सुटलं की मी तुमचा डबा घेऊन यायची. कापडाचा ताका उलगडत तुमच्यासमोरून सरकत असतो, तुमचा डावा तळहात त्याच्यावर नुसता टेकलेला असतो आणि डोळे या काठापासून त्या काठापर्यंत फिरत असतात. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विणीतली फट, काही सापडलं की तुम्ही त्या जागी काठाला लाल दोऱ्याची गाठ मारता. ताका संपला की त्याच्या घडीत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर तुमची सही आणि सहीखाली तुमचा नंबर, चौदा. एकदा मी गंमत म्हणून कापडावर हात फिरवला आणि म्हटलं, चांगलं आहे, जाऊ द्या. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि वीतभर मागे नेऊन बोट एका तुटलेल्या धाग्यावर ठेवलंत. "न देखता हा म्हनानं नही," म्हणालात. "सही म्हंजे मन्हा हात तठे ऱ्हास." एवढंच. रागावला नव्हतात, पण सगळ्या कामगारांसमोर बोललात म्हणून मला राग आला होता. राग माझ्या नाकावरच असायचा तेव्हा.

सुरतेतल्या प्लेगच्या पळापळीनंतरचं वर्ष होतं ते. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, एनसीसीत. आपल्या गोडादऱ्याच्या घराला दोन्ही बाजूंनी लूमची, यंत्रमागांची खोपटी चिकटलेली. भिंतीवरचा आरसा दिवसभर थरथरायचा आणि घरात सगळे एकमेकांशी ओरडूनच बोलायचे. एका सीनिअर मुलीनं सांगितलं होतं की विमानातून उडी मारली आणि पॅराशूट उघडलं की कसलाच आवाज राहत नाही. लोकांना वाटतं मला धाडस करायचं होतं. धाडसबिडस काही नाही, मला तो आवाज बंद झालेला ऐकायचा होता. उडीच्या प्रशिक्षणासाठीच्या धावण्याच्या आणि वजनाच्या परीक्षा मी कुणाला न सांगता पास झाले आणि मग घरी सांगितलं. माय म्हणाली, "पोरना हातपाय मोडनात ते कोन करी तिले?" आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तुम्ही नाही म्हणाल अशी माझी खात्री होती. तुम्ही नाही म्हटलंच नाहीत. कारखान्यातून आलात, सायकल भिंतीला लावलीत, आणि बाजारातून माल घ्यायचा असल्यासारखे प्रश्न विचारायला बसलात.

शिकवणाऱ्या जागा दोन होत्या. एक परराज्यातला फ्लाइंग क्लब, त्यांचं पत्रक एनसीसीच्या मॅडमनी दिलं होतं. गुळगुळीत कागद, आकाशात हसणारा माणूस, दोन दिवस शिकवून तिसऱ्या दिवशी उडी. दुसरी आग्र्याची, लष्कराची शाळा. तिचं पत्रक नाही, फोटो नाही, नुसती सामानाची यादी आणि तीन आठवडे. मला अर्थातच ते हसणारं पत्रक आवडलं होतं. तुम्ही ते उलटसुलट करून पाहिलंत, बोटांत चोळून पाहिलंत, आणि म्हणालात, "कापडनं नाव बी नही लिखेल." मग म्हणालात, "टेबलवर हात बसाले सहा महिना लागतस. दोन दिनमा त्या काय शिकाडतीन? आग्राले जाय." झालं, शाळा ठरली. मी कॉलेजात सगळ्यांना सांगितलं की मी फार विचार करून आग्रा निवडलं. निवडलं तुम्ही होतं.

पण त्यानंतर तुम्ही एक अट घातलीत. जिच्या भरवशावर लटकायचं त्या छत्रीचं कापड कोण तपासतं? "तेनी सही कोठे ऱ्हास? ती माले सांग, मंग मी सही करसू." मी मॅडमना विचारलं. त्या इतिहास शिकवायच्या, त्यांना काय माहीत असणार. म्हणाल्या, "अगं, मिलिटरीचं असतं ते, ते तपासतातच." हे उत्तर तुम्हाला पटणार नव्हतं हे मला रस्त्यातच कळलं होतं. फॉर्म द्यायला आठवडा उरला होता.

आता जे कधी कुणाला सांगितलं नाही ते. त्याच्या आधी महिनाभर जेवताना माझं लक्ष तुमच्या ताटाकडे जात होतं. ताटात डावीकडे वाढलेला ठेचा तसाच राहायचा. तुम्ही, ज्यांना ठेच्याशिवाय भाकरी जात नाही. वर मायला म्हणायचात, आज ठेचा केला नाहीस का. माय म्हणायची, ताटात तर आहे, डोळे फुटले का. ती चेष्टेनं म्हणायची. डावीकडच्या तांब्याला तुमचा हात लागून पाणी सांडायचं आणि तुम्ही खेकसायचात, "आठे कोन ठेवं हाई?" एकदा मी मुद्दाम ठेचा ताटाच्या मध्ये वाढला. तुम्ही तो पहिल्या घासाला खाल्लात. दुसऱ्या दिवशी परत काठाला वाढला, तो राहिला. तिसऱ्या दिवशी उजव्या काठाला वाढून पाहिला, तोही राहिला. तुम्हाला समोरचं दिसत होतं आणि बाजूचं दिसत नव्हतं. तुमच्याच पद्धतीनं मी तुम्हाला तपासलं, आणि गाठ मात्र मारली नाही. मायला सांगितलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशी तुम्हाला दवाखान्यात नेलं असतं, मग औषधं, धावपळ, आणि थोरली पोर आग्र्याला गेली नसती. म्हणून मी गप्प बसले. आल्यावर सांगू म्हटलं. आणि एवढंच असतं तर मी त्या वयाची अक्कल म्हणून सोडूनही दिलं असतं.

रविवारी दुपारी मी फॉर्म तुमच्यापुढे ठेवला. हिंदीत होता. पूर्वी तुम्ही ओळीखाली बोट धरून हिंदी वाचायचात. त्या दिवशी तुमचं बोट ओळीच्या मध्येच रेंगाळलं, पुढची ओळ कुठून सुरू होते ते त्याला सापडेना. तुम्ही म्हणालात चष्मा जुना झाला, तू वाच. मी वाचलं. पहिल्या दोन ओळींत नाव, वय, कॉलेज. मग तिसरी ओळ आली. ती मी वाचली नाही. तिच्या जागी मी वाचलं की प्रत्येक छत्रीबरोबर ती तपासणाऱ्याची सही आणि नंबर असेल. तुम्ही म्हणालात, "परत वाच." मघाशी नेमके कोणते शब्द म्हटले तेच मला आठवेनात. मी परत काहीतरी वाचलं. तुम्ही मान हलवलीत, पेन घेतलंत, आणि तिसऱ्या ओळीखाली सही केलीत. सवयीनं खाली नंबरही घातलात. मॅडमनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "हे चौदा काय आहे गं?" मी म्हटलं, चुकून पडलंय. त्यांनी खोडायला सांगितलं. मी खोडलं नाही. तेवढी लाज शिल्लक होती म्हणायची.

स्टेशनवर तुम्ही सोडायला आलात. सुरतच्या त्या गर्दीत डाव्या बाजूनं येणारी हमालाची गाडी तुम्हाला दिसली नाही, मी ओढून घेतलं. तुम्ही हसलात, म्हणालात, घाईत होता बिचारा. मग खिशातून लाल दोऱ्याची गुंडी काढून माझ्या हातावर ठेवलीत. "जठे दोष दिखी तठे बांधजो. बांधेल छत्री कोनी लेवानी नही." गाडी सुटेपर्यंत तुम्ही खिडकीशी उभे होतात आणि माझ्याकडे अगदी सरळ बघत होतात. मला वाटलं होतं प्रेमानं बघताय. प्रेम असेलच, पण आता कळतं की सरळच दिसत होतं.

मथुरेला गाडी बदलून आम्ही एनसीसीच्या मुली आग्र्याला पोचलो. दोन आठवडे नुसतं मैदान, लाकडी ओट्यावरून उड्या, पाय जुळवून पडणं, गुडघे सोलवटणं. मग एके दिवशी छत्र्या घडी करण्याच्या हॉलमध्ये नेलं. नाना, तिथं टेबलं होती. लांबच लांब, वर दिवे, आणि माणसं हात टेकवून कापड बघत होती. मी दारातच थांबले. आम्हाला शिकवणाऱ्या एका उस्तादांना विचारलं, हे तपासलं कुणी हे कुठं लिहितात? त्यांनी एका छत्रीच्या खिशातून पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. तारीख, सही, नंबर. मी जे तुम्हाला खोटं वाचून दाखवलं होतं ते जसंच्या तसं तिथं होतं. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मी हॉलमागे जाऊन ओकले. मी पाच उड्या मारल्या. आवाज खरंच राहत नाही. पहिल्या वेळी इतकं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू आला, आणि त्या शांततेत मला फक्त तुमचं बोट दिसत होतं, ओळ शोधणारं. एवढ्या लांब ज्यासाठी गेले ते मला एक मिनिटही नीट मिळालं नाही.

परत आले तेव्हा तुम्ही आधी गुडघे पाहिलेत आणि मग विचारलंत, "सही व्हती का?" मी म्हटलं, व्हती. नंबर बी व्हता. ते खरं होतं. तुम्ही इतके खूश झालात की कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटलात, लष्करात बी आपलीच पद्धत. त्या आनंदात मी डोळ्यांचं कसं सांगणार? आज सांगू, उद्या सांगू, करत पावसाळा गेला. आणि नवरात्राच्या सुमारास बाजारातून ताके परत यायला लागले. सगळे दोष काठाकडचे, सगळ्यांत तुमची चिठ्ठी, चौदा. मग दवाखाना झाला. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, उरलेलं सांभाळा, सहा महिने आधी आणलं असतं तर बराच फरक पडला असता. माय म्हणाली, आमच्या लक्षातच आलं नाही हो. मी तिच्या शेजारी उभी होते. माझ्या खिशात तेव्हाही ती लाल गुंडी होती, न उलगडलेली.

कारखान्याचा शेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं काढून टाकलं नाही, राजीनाम्याचा कागद घरी पाठवला. तुम्ही खाटेवर बसला होतात. बाहेर लूम चालू होते, म्हणून मी अगदी जवळ बसून, मोठ्यानं वाचलं. या वेळी एकूणएक शब्द वाचला. तारीख वाचली, खालची बारीक ओळसुद्धा वाचली. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "काही सोडं तर नही ना?" तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, आरशाकडे बघत होतात, आणि आरसा नेहमीसारखा थरथरत होता. मी म्हटलं, नाही नाना. तुम्ही पेन घेतलंत, मी बोट धरून जागा दाखवली, आणि तुम्ही सही केलीत. नंबर घातला नाहीत. पुढची सात वर्षं, अगदी शेवटच्या आजारपणातसुद्धा, तुम्ही त्या प्रश्नाबद्दल परत एक शब्द काढला नाहीत. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, हे मला कळायचा काही मार्ग उरलेला नाही.

हे पत्र मी कपाटात त्या गुंडीजवळ ठेवणार आहे. डॉक्टरांना पुढच्या वेळी खरं सांगेन असं ठरवलंय, सांगेनच असं नाही. ती तिसरी ओळ मात्र अजून पाठ आहे, तेवढी लिहिते. प्रशिक्षणात माझ्या मुलीला इजा झाली किंवा तिचा मृत्यू झाला, तर त्याची जबाबदारी सर्वस्वी माझी राहील. राजीनाम्याच्या दिवशी तुम्ही विचारलंत, काही सोडं तर नही ना, आणि मी नाही म्हटलं. नाना, ते त्या एका कागदापुरतं खरं होतं.