ढांग्यांना लागतं का

३ नोव्हेंबर, सोमवार
वितके जमले! उंची एक वीत. फासे टाकत, पात्रं होऊन गोष्ट खेळायच्या खेळाचं पुस्तक काढणाऱ्या पुण्याच्या मीनलताईंचा पहिल्या दिवसापासून एकच धोशा, "नुसतं लहान करू नकोस गं. लहान असल्यानं त्यांचं काय बदलतं ते सांग." तर एकट्या वितक्याचा आवाज पोचतच नाही. तिघं मिळून एक वाक्य बोलतात. म्हणून खोटं बोलायचं तर तिघांचं एकमत लागतं. ताई फोनवर हसत सुटल्या. घेतलं म्हणाल्या.
आता मोठे लोक. पुढच्या शुक्रवारी, १४ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचे.
पुस्तकात 'जात' हा शब्द येणार नाही, 'लोक' म्हणायचं. ही माझी अट आधीच मान्य झालीय.
आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "बीए झाली अन् आता फासे टाकून राह्यली." टाकू दे म्हणावं. पुस्तकावर नाव आलं की दाखवीन.

५ नोव्हेंबर, बुधवार
मोठे सुचत नाहीत. गदा घेतलेले नकोत, डोंगराएवढे नकोत. ते सगळीकडेच असतात.
दुपारी पेटीतून बाबांच्या लग्नाचा फोटो काढला. सगळे ओळीत उभे, डाव्या टोकाला आत्या. तीही खांद्यांपर्यंतच. फोटोवाल्यानं बाकी सगळ्यांना चौकटीत नीट बसवलं आणि तिचं डोकं वर कापलं गेलं. तिचा दुसरा फोटो नाही.
बाबांची मोठी बहीण. इतक्या उंच बाईला कोण करणार म्हणून लग्न राहिलं. मी पाच वर्षांची असताना दिग्रसच्या स्टँडवर पुसदच्या गाडीत बसली. परत आलीच नाही. कुठून निरोप नाही, काही नाही.
मला तिचा चेहरा आठवत नाही. वरून खाली येणारा हात तेवढा आठवतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार
नाव: ढांगे. एका सपाट्यात लिहिले. ढांग्यांना स्वतःची उंची ठाऊक नसते. समोरच्याची मान किती वर होते त्यावरून कळते. ज्या गावात त्यांच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही, तिथे ते बसून राहतात.
आईला विचारलं, आत्या कशी होती?
"धिप्पाड. दोघांचं काम एकटी करे. पोट्टे गोटे मारत मागून, तरी हसे. तिले काही लागतच नव्हतं."
तोच नियम केला. ढांग्यांना लागत नाही. पहिले तीन घाव मोजायचेच नाहीत.
चित्रही काढलं. तोंड काढता येईना. तसंच भिंतीला लावलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी चित्र भिंतीकडे तोंड करून. म्हणजे तोंड नाहीच त्याला.
आई म्हणाली, "बिनतोंडाची बाई घरात नको लावू. पाहून राह्यल्यासारखी वाटते."
खरंय. पाठमोरी असली तरी वाटते.

९ नोव्हेंबर, रविवार
मैत्रिणीकडे, रेश्माकडे पहिल्यांदा खेळून पाहिलं. पल्लवीही आली. गोष्ट मी सांगायची, रेश्मा तीन वितके, पल्लवी ढांगी. फासे पडेपर्यंत मजा आली. मग पहिल्याच नाक्यावर रेश्मा, "तू हो ना वो पुढं. तुले कुठं लागते!" पल्लवी पुढे झाली. पुढच्या दाराशी तेच. पुलावर तेच. दोघी हसत होत्या, दोष त्यांचा नाही, नियम माझा.
चौथ्यांदा ऐकलं आणि मला पुढची गोष्ट सांगता येईना. डोकं दुखतं म्हणून उठले.
येताना स्टँडवर हिरव्या लुगड्यातली एक उंच बाई, पाठमोरी. मी उगाच वळसा घालून पुढे गेले, तोंड पाहिलं. दुसरीच कुणी.
आणि तेव्हा कळलं. बाबा स्टँडवर असाच वळसा घालतात. मला वाटायचं, गाडीची पाटी वाचतात.

१० नोव्हेंबर, सोमवार
बाबा जिनिंगच्या कारखान्यातून आले. भुवयांवर कापूस. पाय धूत होते तेव्हाच विचारलं, आत्याला गोटे लागत नव्हते का?
पाणी ओतायचे थांबले.
"लागे ना. पाठ निळी होये. मायले दिसू नये म्हणून मले तेल लावाले सांगे. तू कायले विचारून राह्यली?"
खेळाचं सगळं सांगितलं. नियमासकट.
"मंग लागत नाही असं काहून लिवलं?"
"आई म्हणाली."
चुलीपासून आई, "मले काय माहीत! ते हसे, बाप्पा!"
बाबा जेवले नाहीत नीट. मी तो नियम खोडला.

१२ नोव्हेंबर, बुधवार
नवा नियम पाठवला. ढांग्यांना सगळ्यांसारखंच लागतं. पण त्यांचे घाव खेळणाऱ्यापुढच्या नोंदीच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहायचे. 'लागलं का?' असं कुणी विचारलं तरच कागद उलटा करून दाखवायचा.
दोन तासांत ताईंचा फोन. "फार सुंदर आहे गं. पण खेळाच्या नादात विचारतं कोण? कुणाला कळायच्या आत ढांगी मरणार, आणि मग ढांगे कुणी घेणारच नाही. ते तीन घाव परत टाक. नाहीतर या पुस्तकात तुझे फक्त वितके राहतील."
चूक नाही त्यांचं. विचारतं कोण.
तीन घाव परत टाकले तर दोन्ही लोक माझे, पुस्तकात. पण मग किती घरांत, किती टेबलांवर तेच वाक्य. तुले कुठं लागते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
दोन्ही मजकूर तयार करून ठेवलेत. एकही पाठवला नाही.
चित्र सरळ करून पुन्हा लावलं. आई जाता-येता मान वर करते आता, मी पाहिलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
जिनिंगचं मशीन बिघडलं, बाबा चारलाच घरी. माझं तोंड पाहून म्हणाले, "खेळून दाखव बरं मले. कसं अस्ते ते."
बाबा वितका झाले, मी ढांगी. नवा नियम सांगितला नाही, तिघांच्या आवाजाचाही नाही. गावापासून बाजाराची वाट, दोघं निघालेत, एवढंच सांगितलं.
"मी कुठं हावो?"
"पुढे. वीसेक पावलं."
फासे हातातच राहिले. "तितकाच पुढं चालाचो मी. शाळेत जातानी. संग दिसलो तं मलेही चिडवत." मग फासे खाली ठेवून, "स्टँडवरही त्या दिवशी पुढंच होतो. तिच्याकडं पाठ करून. गाडी निघाल्यावर वळलो."
हे घरात आजवर कुणाला माहीत नव्हतं. आई दारात उभी होती, तिलाही नाही.
मग बाबा म्हणाले, "माहा वितका थांबला. मांगं गेला." आणि माझ्याकडे नाही, थोडं वर बघून, "लय लागलं का वो, अक्का?"
नियमानं मला कागद उलटा करायला हवा. मागे मी काहीच लिहिलेलं नव्हतं. काय लिहू. किती लिहू.
सहाला पाच कमी. ताईंचा फोन वाजून बंद झाला, परत वाजतोय. पेन्सिल हातात आहे. बाबांची मान अजून तशीच वर