माझ्या वतीनं तू दिलेली उत्तरं

आई, गेल्या महिन्यात रायपूरच्या एका कॉलेजातून एक मुलगी माझ्याकडे आली होती. पंचविशीची असेल. कुम्हारीपर्यंत बसमध्ये उभीच आले म्हणाली. आपल्या मरोद्याच्या घरापाशी चपला काढताना तिनं आधी पायरी किती उंच आहे ते पाहिलं, मग माझ्या कुबड्यांकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही. तेवढ्यावरून ती मला बरी वाटली. लहानपणी पोलिओ झालेले, तरुणपणी अपघातात पाय गेलेले, तसंच सगळं आयुष्य काढून आता म्हातारे होत चाललेले जे लोक आहेत ते कसे राहतात, त्यांना कशानं बरं वाटतं, यावर ती अभ्यास करते. "दीदी, विकलांग बच्चों पर सब काम करते हैं, बूढ़ों पर भी करते हैं," ती म्हणाली, "आप लोगों पर कोई नहीं. जैसे आप लोग कभी साठ के होते ही नहीं." मी हसले. मग तिनं एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. झोप लागते का, घराबाहेर जाता का, दुखतं कुठे. दुखतं कुठे याला मी बराच वेळ घेतला. ज्या पायाला काही झालं नव्हतं तो आता दगा देऊ लागलाय, आणि दोन्ही खांदे गेलेत. डॉक्टर म्हणाले, जे अवयव धड होते त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचं काम केलं, ते आता थकले. मग तिनं विचारलं, पहिल्यापासून तुमची देखभाल कोणी केली? मी कुबडीची मूठ पुसत बसले. तिला वाटलं मला हिंदी कळली नाही. मदत म्हणून तिनंच सुचवलं, "माताजी ने?" आणि मला इतका राग आला की मी तिला पाणी आणते म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. राग तिच्यावर नव्हता. म्हणून हे तुला लिहिते आहे.

कारखान्याच्या टाउनशिपमधलं, सेक्टरमधलं ते क्वार्टर आठव. छत्तीसगड तेव्हा वेगळं झालं नव्हतं. बाबा ड्यूटीवरच छातीत दुखून गेले, त्याला काही आठवडे झालेत, आणि त्यांच्या विभागातले साहेब आपल्या बैठकीत बसलेत. बाबांच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळणार आहे, ते सांगायला आलेत. मी कॅलिपर घातलेल्या पायानं, एका हातानं भिंत धरत, दुसऱ्या हातात चहाचा एकच कप घेऊन येते. दोन कप आणायचे तर दोन खेपा. साहेब उठून कप हातात घेतात आणि म्हणतात, "बड़ी बेटी तो बी.कॉम. है ना? दफ्तर में जगह है. बैठने का काम है." मी दारातच थांबते. मला अजून ती चौकट हाताला लागते, तिचा रंग पोपडे आलेला. मी तोंड उघडायच्या आत तू उत्तर दिलंस. "इसको नौकरी का क्या करना है साहब. ये तो मेरे पास ही रहेगी. लड़के का नाम लिखो." भाऊ तेव्हा बारावीत दुसऱ्यांदा बसला होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चांगला माणूस होता, त्यानं माझ्या बोलण्याची थोडी वाट पाहिली. तू म्हणालीस, "जा माय, साखर आण." साखर कपात होती. मी घातली होती.

स्वयंपाकघरात येऊन तू मला म्हणालीस, "कावून तोंड पाडून राहिली? भाऊ कमावला त तुलेच पोसन ना." मी म्हटलं, मला पोसून घ्यायचं नाही. तू पोळी लाटत होतीस, लाटणं न थांबवता म्हणालीस, "मंग काय करशीन? सकाळच्या गर्दीत बसमधी चढशीन? लोकं धक्का मारतीन, पडशीन, आन् उचलाले मीच येईन." मी पडले असते. तेव्हाही मला ठाऊक होतं. पडून उठलेही असते, पण ते बघायची तुझी तयारी नव्हती, आणि तुझ्या तयारीवर माझं आयुष्य ठरलं.

तू मला कडेवर घेऊन शाळेत नेलंस. उन्हात, पावसात, आठवीपर्यंत. खरं आहे. पण ते तू इतक्या लोकांना इतक्यांदा सांगितलंस की त्या रस्त्याची माझी स्वतःची काही आठवणच उरली नाही. मला तुझ्या खांद्यावरून काय दिसत होतं, ते मला आठवत नाही. तुझी कंबर किती दुखत होती तेवढं पाठ आहे. हळदीकुंकवाला बायका जमल्या की मी पलीकडच्या खोलीत पोरांना अकाउंट शिकवत असे आणि भिंतीतून तुझा आवाज येई, "मी कुठं गेली नाही, काही पाह्यलं नाही, सारा जलम हिच्यापायी गेला." बायका च् च् करत. त्याच शिकवणीवर घरातलं तेल-तिखट येत होतं. भावाचं लग्न झालं, क्वार्टर त्याच्या नावावर म्हणून त्याच्या संसाराला राहिलं, आणि आपण दोघी मरोद्याच्या या दोन खोल्यांत आलो. पोसणारा महिन्यातून एकदा रविवारी केळी घेऊन यायचा. तू त्याला गरम पोळी वाढायचीस आणि त्याच्यापाशी माझी तक्रार सांगायचीस, हिला राग फार येते म्हणून.

आणि मग तू पडलीस. अंगणात, कपडे वाळत घालताना. कमरेचं हाड मोडलं ते नीट बसलंच नाही, आणि पुढची वर्षं तू त्या खिडकीजवळच्या पलंगावर होतीस. तुला कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, भांडं द्यायचं, अंग पुसायचं. माझा एक पाय तर जमिनीला नावापुरता. म्हणून मी पलंगाच्या कडेला छाती टेकवून, दोन्ही हात तुझ्या पाठीखाली घालून, नुसत्या खांद्यांवर तुला ओढत असे. तू बारीक झाली होतीस पण हाडं जड होती. भाऊ म्हणाला बाई लावू, तू म्हणालीस परक्या बाईचा हात नको. भेटायला लोक येत. तू त्या पलंगावर, मी सकाळी बदललेल्या चादरीवर, मी विंचरलेल्या केसांनी पडून त्यांना सांगायचीस, "हिचं सारं मलेच पाहा लागते. मी गेली त हिचं कसं होईन?" आणि ते लोक मान डोलवून माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहायचे. एकालाही पलंगावर कोण आहे आणि उभं कोण आहे ते दिसत नव्हतं. तू गेलीस तेव्हा, आई, तिरडी बांधत असताना काकू माझ्या गळ्यात पडून हेच म्हणाल्या. आता हिचं कसं होईन.

त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, तुझ्या कागदात एक प्रश्न कमी आहे; तुम्ही कोणाची देखभाल केली, हाही विचार. तिनं ते लिहून घेतलं आणि आमच्यासारख्यांच्या एका बैठकीला मला बोलावलं. परवा ती झाली, टाउनशिपमधल्या एका हॉलमध्ये. मी ई-रिक्षानं गेले. आम्ही दहा-बारा जण असू. कुरुदची एक बाई माझ्यासारखीच कुबड्यांवर, एक म्हातारा, ज्याचा हात तरुणपणी गेलेला. आणि पन्नाशीला आलेला एक माणूस चाकाच्या खुर्चीत. जन्मापासून त्याचं अंग आखडलेलं, बोलताना एकेक शब्द ओढून काढावा लागतो. त्याची आई शेजारी बसलेली, सत्तरीच्या पुढची. मुलीनं त्याला विचारलं, तुम्हाला घरात काय बदलावंसं वाटतं? त्याची मान हलली, ओठ जुळायला लागले, आणि त्याची आई बोलली. "इसको क्या चाहिए मैडम. मैं सब करती हूँ. मुझसे पूछिए." तो थांबला. त्याचे ओठ मिटले ते मी पाहिलं.

मला माझाच आवाज ऐकू आला. "चुप बैठिए आप! आपसे नहीं पूछा है."

ती मुलगी घाबरली. त्या बाईचा चेहरा असा झाला की जणू मी तिच्या कानाखाली मारली. मला दया आली नाही. मी त्या माणसाकडे पाहत राहिले, आणि आम्ही सगळेच थांबलो. बराच वेळ लागला. "मेरे… कमरे में," तो म्हणाला, "अंदर से… कुंडी… चाहिए."

"कुंडी?" दाराला आतून कडी म्हणताच त्याची आई रडायच्या बेतात आली. "अरे, गिर गया तो? दरवाज़ा कौन खोलेगा?"

"गिरूँगा… तो… बोलूँगा."

कुरुदची बाई हसली, मग तोही हसला, सगळं अंग हलवून. त्याची आई हसली नाही. बैठक संपल्यावर चहाच्या वेळी ती माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं भांडेल, मीही तयारीत होते. तिनं पदरानं नाक पुसलं आणि हळूच विचारलं, "आपकी माँ हैं?" मी म्हटलं, नाही, कधीच गेली. तिनं माझ्या कुबड्यांकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं, आणि तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी ती आली होती. "फिर… आपका क्या हुआ?"

"कुछ नहीं हुआ," मी म्हणाले. "सुबह उठी. चाय बनाई."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिचा विश्वास बसला की नाही कोण जाणे. पण खरं तेच आहे, आई. तुझं तेरावं झालं, भाऊ त्याच्या घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी मी चहा केला आणि दारात बसून प्यायले. शिकवणीची पोरं आली. पुढच्या महिन्यात मी एकटी रिक्षानं बाजारात गेले, गर्दीत एकानं धक्का दिला, पडले, भाजीवाल्यानं हात पुढे केला आणि मी तो धरून उठले. गुडघा सोलला होता. घरी येऊन हळद लावली. एवढंच झालं. जे व्हायची तुला इतकी भीती होती, ते एवढं होतं.

तुला माफ केलं असं काही मी लिहिणार नाही. हे कागद उद्या बंबात जातील. एकच गोष्ट आहे, ती तुला कळू नये अशीच माझी इच्छा होती. आज सकाळी न्हाणीतून उठताना खांद्यात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तोंडातून निघालं, आई गं. रोजच निघतं. मी देवाचं नाव लावून पाहिलं, दात आवळून पाहिले, बाबांना हाक मारून पाहिली. ऐन वेळी जीभ ऐकत नाही.