चांदणीच्या शेपटीचा केस

११ फेब्रुवारी १९९६

मंठ्याचं अंधश्रद्धेवरचं भाषण जोरात झालं. आवाज बसलाय, तरी आतल्या आत अजून बोलतेच आहे. बुवा, अंगारे, उतारे सगळं घेतलं आणि शेवटी चामखीळ. म्हटलं, "घोडीचा केस बांधून चामखीळ जाते, तर अक्कल यायला काय हत्तीचा केस बांधायचा?" मैदान हसलं. मागून एक म्हातारा ओरडला, "बाई, केस तर तुमच्याच दारातून नेल्ता म्या!" मैदान जास्त हसलं.

एसटीत बसवेना. म्हातारा खरं तेच बोलला. आमच्या गोठ्यात वरातीची घोडी, चांदणी. माझे सासरे तिच्या शेपटीचा केस मागेल त्याला देतात. फुकट. त्यातच त्यांचा मान.

१२ फेब्रुवारी

भाषण माझ्याआधी घरी पोचलं होतं. मामांनी, सासऱ्यांनी, मला कधी अडवलेलं नाही. लोकांत उभी राहून बोल, असं पहिल्यांदा त्यांनीच म्हटलं. आज एवढंच म्हणाले, "तू बोल बिलकुल. पन दारात आलेल्या मानसाला म्या न्हाई कसं म्हनू?"

दुपारी एक जण वासरू घेऊन हजर. मानेवर फ्लॉवरच्या तुऱ्यांसारख्या चामखिळी. केस घोडीसमोरच बांधायचा ही रीत. गाठ आवळली की तोच हात तिच्या छातीवरून, तोंडावरून फिरवायचा आणि म्हणायचं, "घे माय." म्हणजे दुखणं तिनं घेतलं. आवळताना चामखीळ फुटली, रक्त आलं. तोच हात. मी खिडकीतून पाहत होते आणि पुढच्या भाषणाची सुरुवात मनात जुळवत होते.

३ मार्च

लग्नसराई आली म्हणून माझ्या नवऱ्यानं, दत्तानं, चांदणीचा साज काढला. पट्टा घासतो तिथे छातीवर गाठ. केस गेलेले, ओलसर. दुसरी डाव्या डोळ्याखाली, तुरीच्या दाण्याएवढी.

दत्ता म्हणाला, "पट्ट्यानं झालं."

"पट्टा डोळ्याखाली बांधतो का रे येड्या?" मामा. मग माझ्याकडे न बघता, "लोकाचं घेतलं तिनं. किती वर्सं घेऊन राह्यली."

माझ्याकडे उत्तरं होती. ती घोकत चुलीशी बसले. स्वयंपाक करपला.

९ मार्च

मामांनी छातीच्या गाठीला चांदणीच्याच शेपटीचा केस बांधला. घोडीचा केस घोडीला! मी भांडले. दत्ता मध्ये पडला. तो माझा नवरा की त्यांचा मुलगा, हे अशा वेळी कळत नाही. "बघू तरी," म्हणाला. बघू तरी! या दोन शब्दांवर देश...

(हे भाषणात घ्यावं.)

२१ मार्च

गाठ गळाली. मामा सकाळपासून अंगणात. येणाऱ्याजाणाऱ्याला छाती दाखवून राह्यले. घोडीची, आणि थोडी स्वतःचीही. मला म्हणाले, "सूनबाई, घ्या आता सभा."

मी दोन पुस्तकं काढून बसले. एकातही घोडी नाही.

१६ एप्रिल

गाठ तिथंच परत आली. लिंबाएवढी, फुटलेली. माशा हटत नाहीत. डोळ्याखालचीही वाढली.

दत्ता वरातीला घेऊन गेला होता, अर्ध्या तासात परत. नवरदेवाचा मामा म्हणे, "घोडी आनली का दवाखाना?" दत्तानं साज उतरवून कोपऱ्यात फेकला. चांदणी त्याच्याकडे बघत उभी. तिला वाटलं असेल, वरात झाली.

१८ एप्रिल

बदनापूरहून जनावरांचे डॉक्टर आले. तरुण, बोलायला हळू. बराच वेळ फक्त पाहिलं. मग म्हणाले, याला सार्कॉइड म्हणतात, कातडीचा गाठीचा रोग. काळजात-फुफ्फुसात जात नाही, पण जागच्या जागी कॅन्सरसारखा वाढतो. अर्धवट कापलं, तोडलं, की चवताळून उठतो. मामांनी मान खाली घातली.

मी विचारलं, कशानं होतो?

"विषाणूनं. गाईबैलांच्या चामखिळीचा विषाणू. जनावराच्या चामखिळी काही महिन्यांत आपोआप गळतात, केस बांधा न बांधा. तोच विषाणू घोड्याच्या जखमेत शिरला तर या गाठी होऊ शकतात. हातानं जातो, दोरीनं, खराऱ्यानं. माशाही नेत असाव्यात असं म्हणतात." मग मामांकडे वळून हसले, "बाबा, तुमचं अर्धं बरोबर आहे. ढोराचं दुखणं घोडीनं घेतलंच."

मला वाटलं होतं, मामा जिंकल्यासारखं बघतील. ते चांदणीच्या छातीसमोर हात नेऊन थांबले. लावला नाही.

डोळ्याखालची गाठ पापणीत शिरली तर डोळा जाईल. आधी ती घ्यायची, असं ठरलं.

१९ एप्रिल

डॉक्टर पुन्हा आले. गाईंच्या कृत्रिम रेतनाचा कॅन असतो ना, त्यातला नायट्रोजन आणला. धूर निघतो पण थंड. भूल देऊन दोन्ही गाठी गोठवल्या. दत्तानं डोकं धरलं. मामा बाहेर चकरा मारत होते, मी आत. जाताना डॉक्टर म्हणाले, "परत येणार नाही असं मी म्हणत नाही. चामखिळीचं ढोर जवळ येऊ देऊ नका. हात लावू देऊ नका कुणाला. माशा बसू देऊ नका."

२८ एप्रिल

राजूर. शाळेचं पटांगण भरलेलं. खरं ते सगळं सांगितलं, अर्धं नाही. केसानं चामखीळ जात नाही, ती आपोआप जाते. पण तुमच्या जनावराचा रोग आमच्या घोडीला लागतो. तिचा डोळा जायची वेळ आलीय. मंठ्यात मी हसले होते, तेही सांगितलं. हसणं नाही, टाळ्या नाहीत. सगळे ऐकून राह्यले. वाटलं, हे माझं सगळ्यात चांगलं भाषण.

२ मे

सकाळी दारात चार जनावरं. एवढी एका दिवशी कधीच नव्हती.

"बाई, तुमीच म्हन्ल्या ना राजूरला, घोडी घेती म्हनून!"

"मी म्हटलं तिला रोग लागतो."

"हां, तेच. आधी आमाला वाटायचं खरं का खोटं. आता तुमच्यावानी शिकलेली बाई म्हन्ली म्हनल्यावर..." आणि मोठ्या अदबीनं, "हत्ती नगं, बाई. घोडीच बराबर हाय."

मी ओरडले. विषाणू म्हटलं, माशा म्हटलं. जेवढं समजावलं तेवढ्या जास्त खात्रीनं माना डोलवत राहिले. मी दारात आडवी उभी राहिले तेव्हा गेले. एक बाई वासराच्या दोरीशी चाळा करत उशिरापर्यंत बसून होती. तिला पाणी दिलं. केस नाही दिला.

इतकी वर्षं बोलतेय. लोक काय ऐकतात?

६ मे

रोज येऊन राह्यलेत. मी आणि दत्ता पाळीनं दारात. मी कार्यक्रमाला गेले की दत्ता एकटा. काल कुणीतरी कुडातून हात घालून केस उपटून नेला. गालावरही हात फिरवला असणार. जखम ओली आहे.



७ मे

चहा घेऊन गोठ्यात गेले तर मामा खाली बसलेले, हातात लोकर कातरायची कात्री. चांदणीची शेपटी, जमिनीला टेकणारी, वरातीत दत्ता गोंडे बांधायचा ती, मुळापासून कापलेली. केसांचा पांढरा ढीग.

"मामा!"

"न्हाई म्हनता येईना मला," ते म्हणाले. "आता मागतील कशाला?"

केस जाळले. वास घरभर. दत्ता जेवला नाही. बिनशेपटीच्या घोडीला वरातीला कोण नेणार? शेपटी वाढेल, पण ही सराई गेली.

१५ मे

आता कुणी येत नाही. हे माझ्या भाषणांनी झालं नाही, कात्रीनं झालं. हे लिहून खोडलं होतं. परत लिहिलं.

पण माशा. शेपटी नाही तर माशा कशानं हाकलणार ती? मागचा भाग सारखा थरथरतो. मामा लिंबाचा डहाळा घेऊन दिवसभर तिच्याशेजारी बसून असतात. सभेचं आमंत्रण आलं, मी उत्तर दिलं नाही. दुपारी डहाळा माझ्याकडे असतो.

२९ मे

छातीची जखम सुकली. बारीक केस येताहेत, तेही पांढरे.

संध्याकाळी साबणानं हात धुतले आणि डोळ्याखाली बोट फिरवलं. कातडी मऊ. खपलीच्या कडेला काहीतरी कडक लागलं, राळ्याच्या दाण्याएवढं. खपलीच असेल. परत चाचपलं. चांदणीनं मान झटकली.

मामांनी विचारलं, "काय लागलं?"

"उजेड कमी आहे," म्हटलं. "सकाळी बघू."

त्यांनी डहाळा या हातातून त्या हातात घेतला आणि हलवत राहिले.