गुरुवारचा दिवा

नेरूळ,
शुक्रवार, दुपार

प्रिय निशिगंधा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? हात आता थरथरतो, माझा 'श' मलाच ओळखू येत नाही. घणसोली ते नेरूळ एवढ्याशा अंतरात सासरा कागदावर पत्र लिहितो, याचं तुला हसू येईल. पण इलाज नाही. माझ्या फोनवर जे येतं-जातं त्याची एक प्रत पार्थच्या त्या कॉम्प्युटरच्या डब्यात जाऊन पडते, हे तूच मला समजावून सांगितलं होतंस. तेव्हा फोन नको. हे पत्र गोजरा पोळ्या आटोपून तिच्या बहिणीकडे देईल. बहीण तळवलीला असते, तिथून तुझी बिल्डिंग चालत जाण्याइतकी आहे म्हणे. "पत्रात काय हाय ते मी इचारनार नाय, नाना," असं गोजरा आपणहून म्हणाली. म्हणजे तिला सगळं माहीत आहे.

आधी घरची खबर. माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दुसऱ्याला डॉक्टर अजून थांबा म्हणतात, त्यामुळे सध्या अर्धं जग स्वच्छ आणि अर्धं धुक्यात असं चाललंय. तू लावलेला कढीपत्ता कुंडीत मावेनासा झाला आहे. आंब्याची पेटी यंदा आली नाही. गेल्या वर्षी तुम्ही दोघं पहाटे एपीएमसीत गेला होतात, तू एकेका आंब्याचा देठ हुंगत बसलीस आणि तो व्यापारी वैतागून म्हणाला होता, ताई, आंबा घेताय की अत्तर? पार्थने ते घरी येऊन मला करून दाखवलं होतं. पार्थ नक्कल करतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. यंदा त्याने पेटीचा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

संध्याकाळी कविता म्हणायची सवय मात्र सुटत नाही. फक्त आता ताल धरायला कोणी नाही. तू वाटाणे सोलता सोलता बोटांनी ताटावर लघु-गुरू वाजवायचीस आणि मी भुजंगप्रयात सोडून भलतीकडे घसरलो की थांबायचीस. एकदा पार्थ लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "नाना, तुमचं लघु-गुरू तेच आमचं शून्य-एक." आठवतं? त्या रात्री मला झोप लागेना, इतका आनंद झाला होता. वाटलं, हा मुलगा आणि मी इतकी वर्षं एकाच शाळेत होतो, फक्त वर्ग वेगळे होते. दिवसभर ऐरोलीला कंपनीची कॉम्प्युटरं सांभाळायची आणि घरी येऊन स्वतःची मांडून बसायचं, हा त्याचा क्रम मला तोपर्यंत खूळ वाटत होता. त्या दिवसापासून मी त्या पसाऱ्याला त्याचा काव्यसंग्रह म्हणायला लागलो. टेबलावर वायरींचा गुंता, साबणाच्या डबीएवढी कॉम्प्युटरं, त्यांचे हिरवे डोळे लुकलुकतायत. हळूहळू घरातले सगळे दिवे, पंखे, नळ त्या डब्यांच्या ताब्यात गेले. मी फक्त सुचित्राच्या शिवणाच्या मशीनवरचा वाकड्या मानेचा दिवा त्याला देऊ केला नाही. म्हटलं, तुझ्या आईचा हा दिवा राहू दे अडाणी.

पण त्या सगळ्या संग्रहातली पहिली कविता तुझ्यासाठी होती, हे विसरू नकोस. लग्नानंतर तू वाशीच्या लॅबमध्ये उशिराची पाळी करायचीस. स्टेशनावरून येताना तलावाकडचा रस्ता अंधारा. एकदा जेवताना तू सहज म्हणालीस, की वळणावरून वर बघितलं आणि आपल्या गॅलरीत उजेड दिसला की पाय हलके होतात. पार्थने ते ऐकलं. रविवारी त्याने तुझ्या फोनमध्ये काहीतरी घातलं, गॅलरीतल्या दिव्याचं बटण काढून तिथे पांढरी कोरी पट्टी बसवली, आणि सोमवारी तू तलावाच्या वळणाला पोचलीस तसा तो पिवळा दिवा आपोआप लागला. पार्थ आला तर लागायचा नाही, मी आलो तर लागायचा नाही. फक्त तू. वर आलीस तेव्हा तुझे डोळे भरले होते आणि तू ते कांद्यावर ढकललेस. कांदा त्या दिवशी घरात नव्हता. शाळेत आम्ही दिव्यावरच्या कितीतरी कविता घोकल्या. माझ्या मुलाने एक न लिहिताच केली, असं मला वाटलं.

तुमचे प्रवास तर माझेही प्रवास होते. मी जन्मभर कंपनीच्या डिस्पॅचच्या खिडकीत बसून रंगाचे डबे देशभर पाठवले आणि स्वतः मागे राहिलो. तुम्ही हंपीला गेलात, गोकर्णला गेलात, मेघालयात गेलात. पार्थच्या खिशातली डबी तुमची वाट इकडे कळवायची आणि माझ्या खोलीतल्या पडद्यावर तांबडी रेघ नकाशात पुढे पुढे सरकायची. रेघ थांबली की मी गोजराला सांगायचो, चहाला थांबलेत. मेघालयाच्या वेळची गंमत आठवून काल-परवाच आम्ही दोघं हसलो. भर उन्हात पार्थच्या त्या डब्यांतून घर बोललं, "पाऊस येतोय, कपडे काढा." मी आणि गोजरा धावलो, ओले कपडे सगळे आत. बाहेर आभाळात ढगाचा तुकडा नाही. पार्थ जिथे असेल तिथलं आभाळ घर बघत होतं! गोजरा म्हणाली, "नाना, या घराला ताप भरलाय." हे फोनवर सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस, की मागचा धबधबा ऐकू येईना.

आणि मग स्पिती. कुंड्यांना पाणी घालायचा तो पंप सुरू झाला तो थांबेचना. खालचे कमळाकर वर आले, त्यांच्या दिवाणखान्यात पाणी टपकत होतं. मी पार्थला फोन करून विचारलं, वायर उपटू का? तो म्हणाला, "नाना, हात लावू नका, सगळंच बंद पडेल. मी इथून करतो." तुम्ही उतरला होतात त्या घरी म्हणे फक्त गच्चीवर रेंज यायची. तो गच्चीवर बसला. मी इथे बादल्या आणि पोछा. जे तळं बघायला तुम्ही वर्षभर पैसे आणि सुट्ट्या जमवल्यात, तिथे तू परक्या लोकांच्या जीपमध्ये एकटी गेलीस. तिथून मला फोटो पाठवलास. निळं पाणी, उघडेबोडके डोंगर, आणि खालच्या कडेला तुझी एकटीची सावली. मी तो बराच वेळ बघितला आणि उत्तर लिहिलं, 'सुंदर!' खरं काय लिहायला हवं ते मला कळलं होतं. लिहिता आलं नाही.

परत आल्यावर एकदा भांडी लावता लावता तू म्हणालीस, "नाना, तो मला कशी आहेस असं कधी विचारत नाही. त्याला आधीच माहीत असतं मी कुठे आहे." नेमकं तेव्हाच घर बोललं, की पार्थ ऑफिसातून निघाला. तू हसलीस. ते हसणं मला आवडलं नाही, पण मी पेपर वाचत असल्यासारखं केलं. तू घर सोडून गेलीस त्या दिवशी भांडण झालं नाही. आवाज चढला असता तर मी मध्ये पडलो असतो, तेवढा हक्क मला आहे. पण तुम्ही दोघं इतक्या हळू बोलत होतात की मध्ये पडायला जागाच नव्हती. तू माझ्या गोळ्यांची डबी आठवड्याची भरून ठेवलीस, वाकलीस, आणि पार्थ तुझी बॅग लिफ्टपर्यंत घेऊन गेला. पाहुण्यांची नेतात तशी.

नंतर त्याने एकेक काढायला घेतलं. आधी घराचा आवाज बंद केला. मग पंप गेला, स्वयंपाकघरातलं ते सगळं गेलं. माझ्या खोलीतला पडदाही उतरवला, भिंतीवर चौकोन राहिलाय. मुलगा असा समोर बसून स्वतःचं घर उसवत असताना बापाने काय करायचं असतं, ते कुठल्याच धड्यात नव्हतं.

आता जे लिहायचं ते लिहितो. होळीच्या सुमाराला एका गुरुवारी संध्याकाळी गोजरा पोळ्या लाटत होती. खिडकीतून बघून म्हणाली, "नाना, दिवा लागला हाय. सूनबाय आली." मी दार उघडून उभा राहिलो. लिफ्ट वर आली, समोरच्यांचा क्लासचा मुलगा उतरला. पुन्हा गेली, पुन्हा आली. पोळ्या संपल्या, गोजरा चप्पल घालून खोळंबली, मग दिवा विझला. मला वाटलं, बिघडला. पण पुढे एक गुरुवार सोडून पुन्हा लागला, मग पुन्हा. गुरुवारी तुला सुट्टी असते. आणि एरवीही कामावरून, वाशीहून घणसोलीला जाताना नेरूळ वाटेत लागत नाही, एवढा भूगोल मलाही येतो. दिवा लागला की मी गॅलरीत जातो. खाली तलावाकाठच्या ट्रॅकवर माणसं फिरतात, बाकांवर बसतात. माझ्या या डोळ्यांना सातव्या मजल्यावरून ते नुसते ठिपके. त्यांतला एक तू. कोणत्या ठिपक्याकडे बघून हात हलवायचा ते कळेना, म्हणून मी सगळ्यांकडे बघून हलवतो. पार्थ उशिरा यायचा, त्याला मी बोललो नाही. तुलाही कळवलं नाही. कळवलं असतं तर तू फोनमधून ते काढून टाकलं असतंस, आणि मला गुरुवार राहिला नसता.

काल पार्थच्या अंगात कणकण होती म्हणून तो घरीच होता, हॉलमध्ये काम करत. दिवेलागणीला दिवा लागला. त्याने दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाना, हे कधीपासून?" मी म्हटलं, होळीपासून. तो उठला, आत गेला, तो राखाडी शर्ट घालून आला, तू घेतलेला. दाराजवळच्या स्टुलावर बसून त्याने बूट घातले, नाड्या बांधल्या. आणि बसूनच राहिला. गोजराने गॅस बारीक केला. मी म्हटलं, "जा ना रे." तो म्हणाला, "गेलो तर तिला कळेल, घर अजून तिला बघतंय. त्यामुळेच तर ती गेली, नाना." निशी, मला इतक्या कविता पाठ आहेत, पण त्या वेळी म्हणायची एकही नव्हती. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. त्याच्या कपाळाला हात लावावासा वाटला, आणि लावला तरी ताप बघतोय असंच दिसलं असतं, म्हणून लावला आणि म्हटलं, ताप आहे. मग दिवा विझला. त्याने नाड्या सोडल्या. "सगळं काढलं होतं, एवढं राहिलं," तो म्हणाला. "रविवारी काढतो. तिला न सांगता तिच्यावर असं लक्ष ठेवणं बरोबर नाही." राहिलं, की ठेवलं होतं, ते मी विचारलं नाही.

म्हणून हे पत्र. रविवारी तो दिवा निघेल, आणि पुढच्या गुरुवारी तू वळणावरून वर बघितलंस तर गॅलरीत अंधार असेल. तुला हे माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. माहीत नसेल, तर या घराने तुला न विचारता इतके गुरुवार तुला पाहिलं, आणि घराच्या आडून मीही. रागव, तो तुझा हक्क आहे. पण माहीत असेल, दिवा अजून लागतो का एवढंच बघायला तू त्या बाकावर येत असशील, तर अंधार बघून तुला वाटेल की त्याने तुला पुसून टाकलं. तसं नाही गं. तो बूट घालून बसला होता. त्याला पाठवणं मला जमलं नाही, तुला ये म्हणायला तोंड नाही, आणि त्या दिव्याचं म्हणशील तर बटणाच्या जागी कोरी पट्टी आहे. माझ्या हातात एकच गोष्ट आहे. सुचित्राच्या मशीनचा तो वाकड्या मानेचा दिवा मी गॅलरीत नेऊन ठेवणार आहे. वायर पुरते, गोजराने लावून बघितलं. गुरुवारी दिवस मावळला की मी त्याचं बटण दाबेन. तो कुणालाच ओळखत नाही, कोण कुठे आहे ते त्याला कळत नाही. तू आलीस तरी जळेल, नाही आलीस तरी जळेल.

म्हणायची मुभा अजून असेल तर, तुझाच,
नाना