ठमीचा बाण

ठाकूरवाडी, बदलापूर
१२ जानेवारी १९९२

ती. दादास शालनचा सप्रेम जयभीम. वि. वि. आईचा खोकला वाढल्याचं कळलं. तिला संध्याकाळी ओट्यावर बसू देऊ नका, तिकडे कारखान्यांचा धूर उतरतो.

इथे माझं डोकं ठिकाणावर नाही. चौथीच्या चाचणीत मी विचारलं, वाडीतलं बोअरिंग बंद पडलं तर काय होईल? पुस्तकातलं उत्तर एका ओळीचं: पाणी मिळणार नाही. पण ठमीने, वर्गातल्या सगळ्यात गप्प मुलीने, अर्धं पान भरलं. बोअरिंग बंद, की बाया ओढ्यावर, बायांमागे पोरी, पोरी गेल्या की शाळा रिकामी, मग वाडीत अर्ज लिहिणारं कोणी तयार होत नाही, अर्ज नाही म्हणून बोअरिंग बंदच. शेवटच्या शब्दाकडून पहिल्या शब्दाकडे तिने मोठा बाण काढलाय.

तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर शून्य दिलं आणि मुलांना हे असलं काय शिकवता म्हणून माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. तू डिप्लोमाच्या मुलांना यंत्रणेतला एक भाग दुसऱ्याला कसा धरून असतो ते शिकवतोस. अशा उत्तराला मार्क कसे द्यायचे? लवकर लिही. जीव लावतोसच, तसाच लावत राहा.

तुझी,
शालन

अंबरनाथ
२१ जानेवारी १९९२

चि. शालनास अ. उ. आ. आईला आता बरं आहे. लहानपणी माझी सायकल खोललीस ती पुन्हा जोडली नाहीस. आता साहेबांना खोलायला निघालीस का? अजून नोकरीत कायम नाहीस. चार ओळींची माफी लिही नि मोकळी हो.

इतकं लिहून पत्र बाजूला ठेवलं होतं. काल तोच प्रश्न तिसऱ्या वर्षाला घातला. अडतीस मुलं. हातपंपाचे वॉशर, व्हॉल्व्ह, रॉड, सगळं चोख. पाणी भरणारं माणूस एकाच्याही आकृतीत नाही. आणि अशा पेपरांना मी इतकी वर्षं पैकीच्या पैकी देत आलो. वर्गात उभं राहवेना.

माफीचं तूच ठरव. पण ठमीला विचार, हे चक्र तोडायचं कुठे? ते सांगितलं तर पूर्ण मार्क दे. वहिनी आठवण काढते. ये एकदा.

तुझा,
चंदरदादा

ठाकूरवाडी
९ फेब्रुवारी १९९२

ती. दादास सप्रेम जयभीम. वि. वि. माफी लिहिली नाही. दहापैकी नऊ दिले, एक तुझ्या प्रश्नासाठी राखला, आणि का दिले ते खुलाशात कळवलं. साहेबांचं उत्तर नाही. कायम होण्याचं प्रकरण अडकलंय. झोप लागत नाही.

मधे बोअरिंग खरंच बंद पडलं. ठमी सहा दिवस शाळेत नाही. मी ओढ्यावर गेले. डोक्यावर हंडा तसाच ठेवून तिने पहिलं विचारलं, एक मार्क का कापला. मी तुझा प्रश्न सांगितला. ती हंडा सावरत वाडीकडे चालू लागली. मला वाटलं, संपलं.

सोमवारी ती तीन पोरींना घेऊन वर्गात आली. पोरींनी पाळ्या लावल्या होत्या: निम्म्या ओढ्यावर, निम्म्या शाळेत, म्हणजे लिहिणारी कोणीतरी राहील. अर्ज तिनेच लिहिला, बायांनी अंगठे दिले. मी पंचायत समितीत नेऊन दिला.

तेव्हापासून ती रोज मार्क मागते. परवा मी म्हटलं, बोअरिंगला पाणी येऊ दे, मग देते. त्यावर ती म्हणाली, बाय, पानी आनाचा काम सायबाचा, माजा उत्तर तं पुरा झाला.

दादा, तिच्यासमोरच नऊ खोडून दहा केले, खाली सही केली. बोअरिंग अजून बंद आहे.

आईला सांभाळ, मलाही पत्र लिहीत राहा.

तुझी,
शालन