डोळा नसलेला नाग

बान नोंगफाई,
बुधवार, ६ ऑगस्ट

प्रिय केसोन,

कशी आहेस? वेळेवर जेवतेस ना? इथं आमचं बरं चाललंय. भाताची लावणी उरकली. रेशमाचे किडे झोपेतून उठलेत आणि तुतीचा पाला नुसता फस्त करतायत. उकडलेल्या कोषांतले किडे तुझ्यासाठी मीठ लावून ठेवले होते, पण जायच्या आधी खामफोननं एका बैठकीत संपवले. तुझा भाऊ तो, त्याला काय बोलणार!

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. बँकॉकच्या दुकानात गर्दी असेल, असं मी आईला सांगते.

एप्रिलमध्ये खामफोननं सैन्यभरतीच्या सोडतीत लाल चिठ्ठी काढली, तेव्हा सोंगक्रानच्या सणासाठी तू घरीच होतीस. काळी निघाली असती तर तो आज शेतात असता. प्रशिक्षण संपवून तो दोन दिवस घरी आला आणि लगेच सरहद्दीवर जायचा हुकूम आला. आईनं पेटी उघडली. मुलगा लढायला निघाला की आईनं आपल्या नेसत्या सिनची, कमरेच्या वस्त्राची, किनार कापून त्याच्या खिशात द्यायची, हे तुला काय सांगू! सिन कोणतं, तेही तुला ठाऊक आहे. खामफोनच्या वेळी पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा ती रेशमाच्या धाग्यांवर नक्षीच्या गाठी बांधत होती. एक गाठ राहून गेली, म्हणून रंगवल्यावर किनारीजवळच्या नागाला एक डोळाच उमटला नाही. पुढे विणून झाल्यावर तेच नेसून त्याला मांडीवर खेळवलं. मग जपून ठेवलं.

घडी न मोडता आईनं ते बसथांब्यावर आणलं; अर्धं गाव तिथं जमलं होतं. खामफोन म्हणाला, "आई, किनारच दे हं. अख्खं दिलंस तर सार्जंट मला ते नेसायला लावेल." सगळे हसले. आईनं कात्री लावली. तिच्या दोन्ही डोळ्यांवर आता सायच आलीय, पण बोटांना कुठं साय येते? कापड चिमटीत धरलं आणि तिचा हात थांबला. खरं रेशीम हातात कुरकुरतं. हे गुळगुळीत, गप्प होतं. मी जवळ जाऊन बघितलं. बाजारातलं छापील कापड होतं, उलट्या बाजूला फिकट. नक्षी तशीच, फक्त नागाचे दोन्ही डोळे जागच्या जागी.

मला वाटलं, आई आता ओरडेल. तिनं कापलं. त्याच्या हातावर ठेवलं. म्हणाली, "जा बाळा. आई खिशात आहे." त्यानं ती चिंधी कपाळाला लावली.

केसोन, कापड खोटं आहे हे आम्ही दोघींनी त्याला कळू दिलं नाही. मुलाला रिकाम्या हातानं जातोय असं वाटू द्यायचं नव्हतं.

गेल्या आठवड्यात दुकानदार फोंगनं मला फोनवर एक फोटो दाखवला. "तुमच्या केसोनच्या दुकानातली पिशवी बघ, काय सुंदर आहे!" पिशवीवर नाग होता. एका डोळ्याचा. म्हणजे सोंगक्रानला तू खरं सिन नेलंस आणि बाजारात तशीच नक्षी शोधून ते कापड पेटीत ठेवलंस, घडीसुद्धा तशीच घातलीस. एवढा विचार केलास, आणि ती किनार कुणाच्या खिशात जायची, हा एक केला नाहीस. मला तुझा राग येतो. रागापेक्षा भीती जास्त वाटते.

कारण खामफोन गेला त्या दिवसापासून आई मागावर आहे. पांढरं विणतेय. मी म्हटलं, "आई, नीळ भिजवू का?" तर म्हणाली, "रंगाला वेळ नाही." शेजारची नुआन काकू कुंपणावरून म्हणाली, "परत आल्यावर पोराला भिक्खू करणार वाटतं! दीक्षेआधी पांढरं लागतंच त्याला." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी आईकडे बघितलं. ती धोटा फेकतच राहिली.

खामफोनचा फोन रविवारपासून बंद आहे. तिकडे टॉवर नसेल, असं सरपंच म्हणतात.

म्हणून एवढंच मागते. त्या सिनचं जे उरलं असेल ते पाठव. किनार नसली तर पिशवीचा पट्टा पाठव. तोही विकून टाकला असशील तर गिऱ्हाईक शोध, त्याच्या पाया पड, काहीही कर. तुकडा घेऊन मी स्वतः छावणीपर्यंत जाईन. फाटकावर बसून राहीन.

इथपर्यंत लिहिलं आणि माग थांबला. आईनं आतून हाक मारली. मला वाटलं, पाणी हवं असेल. तिनं खामफोनची झोपायची चटई मागितली. ती अंथरून कापडाचं एक टोक तिनं उशीच्या जागी धरलं, दुसरं पायथ्याशी माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "पुरेल ना गं?"

पत्राचं उत्तर नको. तुकडा पाठव.

कापडाचं दुसरं टोक धरून बसलेली,
तुझी ताई
लमयाई